संरक्षणाचा अर्थसंकल्प घरच्या टेबलावर असा उलगडा

अर्थसंकल्पाच्या दिवशी संरक्षणासाठी एकच भलामोठा आकडा जाहीर होतो आणि बहुतेकांची चौकशी तिथेच संपते. तुमची संपू देऊ नका. त्या आकड्यातले पगाराला किती, पेन्शनीला किती, दारूगोळ्याला किती आणि नव्या तोफेला किती, हे सगळं छापील आहे, फुकट मिळतं, आणि टक्केवारी काढता येणाऱ्या कुणालाही वाचता येतं. स्पर्धा परीक्षेला बसणारा विद्यार्थी असो, नागरिकशास्त्राच्या बाई असोत की फौजेत मुलगा असलेले आईवडील, पायऱ्या त्याच.

आधी टेबल मोकळं करा. मोठी वही, पेन्सिल, खोडरबर, दोन रंगांची पेनं, कॅल्क्युलेटर आणि पीडीएफ नीट दिसेल असा संगणक हाताशी ठेवा. फोनवरही जमेल, पण आडवे तक्ते वाचताना डोळे दुखतात आणि रकाने चुकतात. दोन-अडीच तास सवडीने बसा. सरावासाठी २०२५-२६ सालचा अर्थसंकल्प घेऊ. तो एकदा उलगडला की दुसरं कुठलंही साल तुम्ही एकट्याने उलगडाल.

आकडे उतरवून घ्या

१. केंद्रीय अर्थमंत्रालयाचं अर्थसंकल्पाचं संकेतस्थळ उघडा. पत्ता साधा आहे: इंडियाबजेट डॉट जीओव्ही डॉट इन. जपून: समोर नेहमी ताज्या वर्षाचे कागद येतात. जुनं साल हवं असेल तर मागील अर्थसंकल्पांचा दुवा शोधा, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावरचं साल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. व्यय अर्थसंकल्पाच्या विभागातून संरक्षण मंत्रालयाच्या चारही अनुदान मागण्या उतरवून घ्या. हो, चार. संरक्षण मंत्रालय (नागरी), संरक्षण सेवा (महसुली), संरक्षण सेवांवरील भांडवली खर्च आणि संरक्षण निवृत्तिवेतन. २०२५-२६ मध्ये त्यांचे क्रमांक १९ ते २२ आहेत. जपून: क्रमांक सालागणिक पुढेमागे होतात, म्हणून मागणी नावाने ओळखा.

३. वहीत चार आडव्या ओळींचा तक्ता आखा, प्रत्येक मागणीला एक ओळ.

४. त्याला चार उभे रकाने द्या आणि ही नावं लिहा: २०२३-२४ प्रत्यक्ष खर्च, २०२४-२५ अर्थसंकल्पी अंदाज, २०२४-२५ सुधारित अंदाज, २०२५-२६ अर्थसंकल्पी अंदाज. सरकारी कागदावरही हाच क्रम असतो. जपून: एकाच सालाचे दोन रकाने शेजारी येतात, एक वर्षासाठी आधी धरलेला अंदाज आणि दुसरा वर्ष चालू असताना सुधारलेला. अर्ध्याअधिक चुका इथे होतात, म्हणून सुधारित अंदाजाचा रकाना रंगीत पेनाने लिहा.

५. तक्त्याच्या डोक्यावर "सर्व आकडे कोटी रुपयांत" असं ठळक लिहा. बातमीतले ६.८१ लाख कोटी आणि कागदावरचे ६,८१,२१० कोटी एकच आहेत. शून्यांचा गोंधळ इथेच मिटवून टाका.

६. शेवटचा रकाना भरा. नागरी २८,६८२.९७. महसुली ३,११,७३२.३०. भांडवली १,८०,०००. निवृत्तिवेतन १,६०,७९५. जपून: मागणीच्या कागदावर सकल आणि निव्वळ असे दोन्ही आकडे असतात. वसुली आणि जमा वजा करून उरलेला निव्वळ आकडाच घ्या.

७. चौघांची बेरीज करा. ६,८१,२१०.२७ आली पाहिजे. जास्त आली तर कुठल्यातरी ओळीत तुम्ही सकल आकडा उचललाय. मागे जा, सापडेल.

८. उरलेले तीन रकाने त्याच पद्धतीने भरा. कंटाळा करू नका, पुढे गंमत या रकान्यांतच आहे.

आता फोडायला घ्या

९. प्रत्येक ओळीला एकूण बेरजेने भागून टक्के काढा. महसुली ४५.७६, भांडवली २६.४२, निवृत्तिवेतन २३.६०, नागरी ४.२१. बेरीज ९९.९९ आली तर घाबरू नका, दशांश तोडल्याचा तो परिणाम आहे.

१०. नागरी मागणीत सीमा रस्ते संघटना आणि तटरक्षक दलाच्या ओळी शोधून खूण करा. "नागरी" शब्द वाचून ही मागणी कार्यालयीन खर्चाची समजू नका. डोंगरातून सीमेपर्यंत जाणारे रस्ते, बोगदे आणि पूल इथूनच बांधले जातात. सीमा रस्ते संघटनेच्या भांडवली कामांना २०२५-२६ मध्ये ७,१४६.५० कोटी आहेत. जपून: सीमा सुरक्षा दल आणि इंडो-तिबेट सीमा पोलीस इथे शोधत बसू नका. ते गृहमंत्रालयाकडे आहेत आणि त्यांचा पैसा पोलिसांच्या मागणीत असतो.

११. पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावरून संरक्षण मंत्रालयाचं अर्थसंकल्पाच्या दिवसाचं निवेदन उघडा. महसुली रकमेचे सोपे तुकडे त्यात मिळतात. जपून: निवेदनात कौतुकाची विशेषणं भरपूर असतात. त्यातले आकडे तेवढे वहीत घ्या.

१२. महसुली रकमेचे दोन भाग पाडा. पगार आणि भत्त्यांना सुमारे १.९७ लाख कोटी, बाकी सगळ्याला सुमारे १.१४ लाख कोटी. हा दुसरा भाग नीट पाहा. तोफगोळे, काडतुसं, सुटे भाग, इंधन, शिधा, गणवेश, वाहतूक, दुरुस्ती सगळं त्यात येतं. सियाचीनवर चढणारं रॉकेल आणि विमानाच्या टाकीतलं इंधनही इथलंच. जपून: "महसुली म्हणजे अनुत्पादक" हा शाळेत पाठ झालेला नियम इथे लावू नका. गोळाच नसेल तर तोफ म्हणजे लोखंडाचा सांगाडा. माझ्या मते साऱ्या अर्थसंकल्पातला सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात काळजीने वाचायचा तुकडा हाच आहे, कारण इथे कपात झाली तर तिची मोठी बातमी होत नाही, आणि जाणवते ती थेट चौकीवर.

१३. पगाराची रक्कम आणि निवृत्तिवेतन एकत्र मिळवा. सुमारे ३.५८ लाख कोटी येतील, म्हणजे एकूण रकमेच्या साडेबावन्न टक्क्यांच्या आसपास. ३४ लाखांच्या घरात निवृत्तिवेतनधारक या पैशावर घर चालवतात. जपून: दोन देशांची किंवा दोन सालांची तुलना करताना आधी बघा, निवृत्तिवेतन दोन्हीकडे धरलंय की एकीकडेच. एकीकडे धरून दुसरीकडे वगळलं की तुलना फुकट जाते.

१४. भांडवली मागणीचेही दोन भाग पाडा. आधुनिकीकरणाला, म्हणजे शस्त्रं, विमानं, जहाजं, रडार यांच्या खरेदीला १,४८,७२२.८० कोटी. संशोधन आणि पायाभूत कामांना ३१,२७७.२० कोटी. बेरीज बरोबर १,८०,००० झाली ना? मग पुढे.

१५. आधुनिकीकरणाच्या आकड्याला एकूण ६,८१,२१०.२७ ने भागा. २१.८३ टक्के. याभोवती लाल चौकट काढा. शंभर रुपयांतले जेमतेम बावीस नव्या शस्त्रसामग्रीच्या खरेदीला जातात. "संरक्षणाला पावणेसात लाख कोटी, आता शस्त्रंच शस्त्रं" असं कुणी म्हणालं की ही चौकट दाखवा.

१६. डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची, रक्कम दोन ठिकाणांहून गोळा करा. तिला एकूण २६,८१६.८२ कोटी आहेत आणि त्यातले १४,९२३.८२ भांडवली आहेत. जपून: एकच ओळ पाहिलीत तर निम्मीअर्धी रक्कम हातातून सुटेल, कारण उरलेली महसुली मागणीत आहे.

१७. भांडवली मागणीत ४०७६ हे लेखाशीर्ष शोधा. संरक्षणाचा भांडवली खर्च याखाली नोंदतात. महसुली बाजूला भूदल २०७६, नौदल २०७७, हवाईदल २०७८ आणि निवृत्तिवेतन २०७१. हे पाच आकडे वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवा, जन्मभर उपयोगी पडतील.

१८. मोठ्या खरेदीच्या ओळी उतरवा. विमानं आणि विमानांची इंजिनं सुमारे ४८,६०० कोटी, नौदलाचा ताफा सुमारे २४,४०० कोटी, इतर सामग्री सुमारे ६३,१०० कोटी. जपून: "राफेल" किंवा "पाणबुडी" अशी ओळ शोधू नका, सापडणार नाही. सरकारी हिशेब वस्तूच्या नावाने नाही, प्रकाराने चालतो.

१९. या ओळींसमोर "जुने हप्ते" आणि "नवी खरेदी" असे दोन कप्पे करा. इथे जरा थांबा, ही पायरी सावकाश चढायची आहे.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतलात की किंमत एकदा ठरते आणि पैसे स्लॅब पडतील तसे जातात; युद्धनौकेचं तसंच असतं. मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेल्या १५-बी प्रकल्पाच्या विनाशिका घ्या. करार जानेवारी २०११ चा. पहिली आयएनएस विशाखापट्टणम नोव्हेंबर २०२१ मध्ये नौदलात आली, गोव्याच्या बंदराचं नाव असलेली आयएनएस मुरगाव डिसेंबर २०२२ मध्ये, इंफाळ डिसेंबर २०२३ मध्ये आणि चौथी, आयएनएस सुरत, १५ जानेवारी २०२५ ला. एका सहीचे हप्ते इतक्या अर्थसंकल्पांमधून फिरले. अशा आधीच्या करारांच्या देण्याला बांधील दायित्व म्हणतात, आणि नव्या वर्षाच्या पैशावर पहिला हक्क त्याचा.

आता उलट बाजू बघा. २०२४-२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने १९३ करार केले, किंमत २,०९,०५० कोटींहून जास्त. त्या वर्षाचा भांडवली अर्थसंकल्प होता १,७२,००० कोटी. करारांची रक्कम अर्थसंकल्पाहून मोठी कशी? कारण ते सगळे पैसे त्याच वर्षी द्यायचे नव्हते. जपून: करारांची बेरीज आणि वर्षाचा खर्च एकाच रकान्यात कधीही लिहू नका. दोन्ही कप्प्यांत नेमके आकडे टाकण्याइतकी माहिती दरवर्षी मिळेलच असं नाही. मिळाली तर संसदीय समितीच्या अहवालात मिळते. तिथे आपण जाणार आहोतच.

२०. देशी खरेदीचा वाटा काढा. आधुनिकीकरणाच्या रकमेतले ७५ टक्के, सुमारे १.११ लाख कोटी, देशी उत्पादकांसाठी राखून ठेवलेत. खासगी उद्योगांना त्यातले २५ टक्के, सुमारे २७,८८६ कोटी. जपून: हे २५ टक्के देशी वाट्याचे आहेत, एकूण रकमेचे नाहीत. हा घोळ छापील लेखांमध्येही दिसतो.

खरेदीची बातमी जागेवर बसवा

२१. वहीचं नवं पान घ्या आणि खरेदीची शिडी वरून खाली लिहा: सैन्याने ठरवलेल्या अपेक्षा, संरक्षण खरेदी परिषदेची गरजेला मान्यता, निविदा, चाचण्या, किमतीची बोलणी, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी, करार, पुरवठा. मोठ्या रकमेची मंजुरी पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती देते.

२२. वाचनात आलेली एखादी खरेदी घ्या आणि तिची बातमी शिडीच्या योग्य पायरीवर लिहा. सरावाला पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई प्रयोगशाळेने विकसित केलेली एटॅग्ज तोफ घ्या. गरजेला मान्यता मार्च २०२३, करार २६ मार्च २०२५, भारत फोर्ज आणि टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्स या दोन कंपन्यांशी, तोफा आणि त्या ओढणारी वाहनं मिळून सुमारे ६,९०० कोटी. म्हणजे मान्यता ते सही यांत दोन वर्षं गेली, आणि तोफा दलात यायला त्यापुढचा काळ. जपून: "अमुक हजार कोटींच्या खरेदीला मंजुरी" ही बातमी बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीची असते. त्या दिवशी एक रुपयाही कुणाला दिलेला नसतो.

२३. कराराच्या बातमीतली पुरवठ्याची मुदत वेगळ्या रंगाने लिहा. २८ मार्च २०२५ ला १५६ "प्रचंड" लढाऊ हेलिकॉप्टरांचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी करार झाला, करांशिवाय ६२,७०० कोटी. पुरवठा तिसऱ्या वर्षापासून सुरू, पुढे पाच वर्षं. जपून: "करांशिवाय" हे शब्द लहान अक्षरांत असतात, ते सुटले तर रक्कम चुकीची धराल.

वाढ खरी किती ते तपासा

२४. २०२५-२६ च्या एकूण रकमेची तुलना २०२४-२५ च्या अर्थसंकल्पी अंदाजाशी करा. तो ६,२१,९४०.८५ कोटी होता. वाढ ९.५३ टक्के.

२५. भांडवली रकमेची वाढ दोनदा काढा. २०२४-२५ चा अर्थसंकल्पी अंदाज १,७२,००० होता, त्यावर १,८०,००० म्हणजे ४.६५ टक्के वाढ. सुधारित अंदाज १,५९,५०० होता, त्यावर तेच १,८०,००० म्हणजे १२.८५ टक्के. पैसा तोच, वाढ मात्र एकदा साडेचारच्या जरा वर आणि एकदा जवळजवळ तेरा. जपून: वाढीची टक्केवारी कुणी सांगितली की पहिला प्रश्न विचारा, "कशाच्या तुलनेत?"

२६. सुधारित अंदाज अर्थसंकल्पी अंदाजातून वजा करा. भांडवली ओळीत १२,५०० कोटी कमी भरतात. संसदेने मान्य केलेल्या रकमेतले एवढे पैसे वर्षअखेर लागणार नाहीत असं मध्यावरच दिसलं होतं. करार लांबतात, चाचण्या रेंगाळतात, पुरवठादार मुदत चुकवतात, तेव्हा असं होतं. जपून: कारण स्वतःच्या मनाने लिहू नका. फक्त प्रश्नचिन्ह काढा आणि पायरी ३५ मध्ये त्याचं उत्तर शोधा. मला स्वतःला मात्र ही वजाबाकी वाढीच्या टक्क्यापेक्षा जास्त अस्वस्थ करते. पैसा नसणं समजू शकतं. पैसा असून तो वेळेत सामग्रीत न उतरणं सीमेवर उभ्या माणसाला कसं समजवायचं?

२७. एकूण वाढीतून महागाई काढून टाका. २०२४-२५ मध्ये किरकोळ महागाई सरासरी ४.६ टक्के होती. ९.५३ मधली खरी वाढ पाचच्या आत येते. जपून: परदेशी सामग्रीला हा हिशेब पुरत नाही. तिथे डॉलर आणि युरोचा भाव चालतो, आणि रुपया घसरला की त्याच हप्त्याला जास्त रुपये मोजावे लागतात.

२८. एकूण रक्कम दोन वेगळ्या पायांवर मोजा. केंद्राच्या एकूण ५०,६५,३४५ कोटींच्या खर्चात संरक्षणाचा वाटा १३.४५ टक्के, आणि अर्थसंकल्पात धरलेल्या देशाच्या सकल उत्पन्नाच्या सुमारे १.९ टक्के. जपून: वादात एक माणूस तेरा म्हणतो आणि दुसरा दोन, दोघंही बरोबर असतात. कोणता पाया धरलाय ते आधी ठरवून घ्या.

पैसा ठरतो कधी, ते पट्टीवर मांडा

२९. आडवी लांब पट्टी काढा आणि तिचे ऑगस्ट ते जुलै असे बारा भाग पाडा. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होत असलं तरी तयारी त्याच्या कितीतरी आधी लागते, म्हणून पट्टी एप्रिलपासून सुरू करू नका.

३०. ऑगस्ट-सप्टेंबरच्या भागात "अर्थसंकल्पी परिपत्रक" लिहा. अर्थमंत्रालय सगळ्या मंत्रालयांना नमुने आणि तारखा कळवतं. इकडे तुकड्या, कमांड आणि तिन्ही दलांची मुख्यालयं आपापली गरज वर कळवत असतात.

३१. ऑक्टोबर-नोव्हेंबरात "बैठका" लिहा. संरक्षण आणि अर्थ मंत्रालयांचे अधिकारी आधी चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि मग पुढच्या वर्षाचा आकडा यांवर बसतात. जपून: खरी ओढाताण इथे होते. फेब्रुवारीत फक्त निकाल लागतो, तेव्हा दबाव आणायचा तर आधी आणा.

३२. १ फेब्रुवारीला "सादर" लिहा.

३३. फेब्रुवारी-मार्चमध्ये "स्थायी समिती" लिहा आणि तिच्याभोवती गोल काढा. अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती दलांना आणि मंत्रालयाला समोर बसवून प्रश्न विचारते.

३४. लोकसभेच्या संकेतस्थळावरून या समितीचे त्या वर्षाच्या मागण्यांवरचे अहवाल उतरवून घ्या. एकाच वर्षाचे अनेक असतात, दलांप्रमाणे आणि विषयांप्रमाणे वाटलेले. एक वाचून थांबू नका.

३५. अहवालात "मागितले किती" आणि "मिळाले किती" हे तक्ते शोधून वहीत बाजूबाजूला लिहा. पायरी १९ मधले हप्ते आणि पायरी २६ मधलं प्रश्नचिन्ह यांची उत्तरंही इथेच शोधा. जपून: गुप्ततेमुळे काही तक्ते गाळलेले असतात. तिथे रिकामी जागा सोडा, अंदाज भरू नका.

३६. मार्चच्या शेवटी "मतदान" लिहा. मागण्या लोकसभाच मंजूर करते. राज्यसभा चर्चा करते. जपून: वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकत्र मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. संरक्षणाच्या मागण्याही त्यात जाऊ शकतात. म्हणूनच समितीच्या अहवालाचं मोल जास्त. त्यानंतर विनियोजन विधेयक मंजूर झाल्याशिवाय एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही.

३७. पावसाळी, हिवाळी आणि अर्थसंकल्पी अधिवेशनांसमोर "पुरवणी मागण्या" अशी छोटी खूण करा. अचानक मोहीम निघाली, इंधन भडकलं, निवृत्तिवेतनाची थकबाकी निघाली, की इथून जादा पैसा मागतात. १ फेब्रुवारीचा आकडा शेवटचा धरून बसलात तर पुढचं निम्मं सुटेल.

३८. दर महिन्याच्या शेवटी महालेखा नियंत्रकांचा मासिक हिशेब उघडा आणि संरक्षणाचा खर्च कुठवर आला ते पट्टीखाली लिहा. सहा महिने नेमाने केलंत तर सुधारित अंदाज वर जाणार की खाली, ते जानेवारीतच तुमच्या ध्यानात येईल.

३९. ३१ मार्चवर जाड उभी रेघ मारा. त्या दिवसापर्यंत खर्च न झालेली तरतूद संपते, पुढच्या वर्षी आपोआप येत नाही.

४०. दोन वर्षांनी प्रत्यक्ष खर्चाचा रकाना छापून आला की जुन्या वहीत भरा आणि कॅगचा, म्हणजे महालेखापरीक्षकांचा, संरक्षणावरचा अहवाल शेजारी ठेवून वाचा. पैसा खर्च झाला का हे अर्थसंकल्प सांगतो; नीट खर्च झाला का हे कॅग.

शेवटची पायरी

४१. वहीतला एक आकडा निवडा आणि त्यावर एकच प्रश्न लिहून आपल्या मतदारसंघाच्या खासदारांना पाठवा. प्रश्नात मागणीचं नाव, साल, रकाना आणि रक्कम चारही असू द्या. "संरक्षणाला पैसे का कमी?" असं लिहिलंत तर उत्तर येणार नाही. "२०२४-२५ मध्ये संरक्षण सेवांच्या भांडवली मागणीत अर्थसंकल्पी अंदाज १,७२,००० कोटी असताना सुधारित अंदाज १,५९,५०० कोटी का झाला, आणि कोणत्या प्रकारची खरेदी त्यामुळे पुढे गेली?" असं लिहा. तुमचा खासदार, पक्ष कुठलाही असो, हा प्रश्न सभागृहात लेखी विचारू शकतो, आणि मंत्र्यांचं लेखी उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला मिळतं. आज वही मिटायच्या आधीच ते पत्र लिहून टाका.